सरवा सोडला

भुईमूग उपटला की वेलाबरोबर जो वास वर येतो, त्याला मला आजवर नाव देता आलेलं नाही. तो नुसत्या मातीचा नाही, नुसत्या शेंगेचाही नाही. दुधाचं भांडं विसळलेल्या पाण्याला कोवळा, किंचित आंबूस वास असतो, तसा काहीसा तो असतो, आणि त्याच्या तळाशी जमिनीतला गारवा. यंदा कार्तिकात गावी गेलो, बांधावर पाय ठेवला आणि तो वास अंगावर आला. वय विसरायला मला एवढं पुरतं.

पुतण्या दिलीप म्हणाला, "तात्या, अर्धा एकर शेंगा टाकल्यात औंदा. तुमी येनार म्हनून. न्हाईतर परवडत न्हाई बगा."

त्याचं खरं आहे. येरळा नदीकाठचं आमचं सगळं शिवार आता उसाखाली गेलं आहे. जिकडं पाहावं तिकडं हिरव्या भिंती. त्यात हा अर्ध्या एकराचा तुकडा म्हणजे उघडं पडलेलं अंगणच. उपटणी झाली, शेंगा तोडल्या, ढीग लागला. ट्रॉली भरून दिलीप बाजाराला निघाला आणि जाता जाता मला म्हणाला, "बसा बाभळीखाली. उरलेल्या ढिगाकडं ध्यान ठेवा. कुत्री लय झाल्यात. मानसंबी." आणि हसत निघून गेला.

म्हणजे आयुष्यभर शाळा राखली आणि आता शेंगा राखायला बसलो. वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं, कारण राखणदार म्हटलं की मला एकच माणूस आठवतो, आणि तो आठवायला कार्तिकासारखा महिना नाही.

उसाला सरवा नसतो. ऊस तुटला की वाडं जनावराला जातं, पाचट पेटवून देतात, रानात उरते ती राख. वेचायला कुणी वाकावं असं काही उरत नाही. भुईमुगाचं तसं नव्हतं. कितीही हात लावून उपटला तरी शेंगा तुटून मातीत राहायच्याच. ज्वारीची कणसं पेंढीतून गळायचीच. धन्याची शेवटची गाडी रानाबाहेर पडली की मागं जे राहिलं तो सरवा, आणि तो गावातल्या ज्यांना रान नाही किंवा पुरेसं नाही त्यांचा. पण आपणहून कुणी घ्यायचा नाही. हातात खुरपं, काखेत रिकामी बुट्टी घेऊन बायका बांधावर बसून राहायच्या. धनी रानाकडं एकदा नजर टाकायचा आणि म्हणायचा, "सरवा सोडला." मग पदर खोचून सगळ्या आत. त्या शब्दाआधी एक शेंग जरी उचलली तरी ती चोरी, आणि शब्द पडल्यावर बुट्टीभर वेचल्या तरी तो हक्क.

आमच्या घरची चार वाफे जमीन. तिच्या शेंगा बाजाराला जायच्या. आई कार्तिकभर जो सरवा वेचायची, तो मात्र घरात राहायचा. त्याचं तेल घाण्यावरून निघायचं, त्याची चटणी उखळात व्हायची आणि ती चटणी सांगलीला माझ्या खोलीवर यायची. लसूण, लाल मिरची, उखळात कुटून तेल सुटलेल्या शेंगा. मी कॉलेजात शिकत होतो. आमच्या घरात माझ्याआधी चौथीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. खोलीवरचे मित्र डब्याचं झाकण उघडायच्या आत हात पुढं करायचे. माझी पदवी भिंतीवर टांगलेली आहे. पण ती पाहिली की मला तिच्यावरच्या सहीपेक्षा त्या चटणीचाच वास आधी येतो.

परवा सांगलीत न्हाव्याच्या दुकानात बसलो होतो. पेपरात कुठल्याशा किनाऱ्यावरच्या वादळाची बातमी होती. घरं गेली, रस्ते गेले, आणि लोकांनी दुकानं फोडून माल नेला. बाकावर बसलेला एकजण म्हणाला, "असल्यांना गोळ्या घालाय पायजेत. मढ्याच्या टाळूवरचं लोणी हे."

दुसरा म्हणाला, "पोट हाय वो. चार दिस अन्न न्हाई म्हणल्यावर मानूस काय करंल?"

"पोटाला पंखा लागतो व्हय? पंखं नेल्यात दुकानातनं. वाचा की."

"ज्येनं पंखा नेला त्येला धरा. पाव नेला त्येला कशापायी?"

न्हावी माझ्या हनुवटीखाली वस्तरा धरून म्हणाला, "गुरुजी, तुमचं काय मत?"

गळ्याशी वस्तरा असताना माणूस काय मत देणार? मी डोळे मिटले. उत्तर माझ्याजवळ होतं, पण ते दाढी होईपर्यंत सांगून संपण्यासारखं नव्हतं.

मी कॉलेजात होतो तेव्हाचा तो कार्तिक. झेंडा नवा होता, टंचाई जुनीच होती. आमचा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. त्याच वर्षी गांधीजींच्या खुनानंतर आमच्या भागानं जाळपोळ पाहिली होती, त्यामुळं लूट हा शब्द नुसता कानावर आला तरी माणसं दचकायची, दारं लावून घ्यायची. धान्यावर सरकारी लेव्ही होती. पिकलेल्यातलं ठरलेलं माप सरकारला घालायचं आणि मग उरलेलं आपलं. आमच्या गावाबाहेर कापसातली सरकी काढायचं एक बंद पडलेलं जिन होतं. पत्र्याचं मोठं शेड, भोवती तारेचं कुंपण. आसपासच्या गावांची लेव्हीची ज्वारी त्या शेडात थप्पी लावून ठेवलेली असायची. म्हणजे आमचंच धान्य आमच्याच गावात, पण तारेच्या पलीकडं.

तिथं राखणीला दस्तगीर होता. त्याला सगळं गाव हवालदार म्हणायचं. लढाईत परमुलखात जाऊन एक पाय आखडून आलेला. त्याच्या आळीतले बाकीचे लोक पिंजारी, गाद्या भरणारे. हा एकटा पलटणीत गेला. परत आल्यावर बऱ्याच खटपटीनं ही राखणदारी मिळाली होती. अंगात कायम पलटणीचा जाड कोट, उन्हाळ्यातसुद्धा. पोरं विचारायची, "हवालदार, उकडत न्हाई?" तो म्हणायचा, "उकडतंय की. पर कोट काढला तर मला हवालदार म्हनंल कोन?" त्या नोकरीवर त्याचं घर होतं. बायको आणि लागोपाठची लेकरं. दुसरं काही करता येईल असा पाय नव्हता.

दिवाळी होऊन गेली होती. माझी कॉलेजची सुट्टी संपत आली होती. शेंगा खळ्यावर पडल्या होत्या, शाळू हातभर वर आला होता. आणि समुद्राकडून वादळ आलं. एवढ्या आत, घाट ओलांडून, आमच्यापर्यंत वादळ येतं हे आमच्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. आधी आभाळ पितळेसारखं झालं. मग वारा. आमच्या घरावरचं पाचटाचं छप्पर चटई उचलावी तसं उचललं गेलं आणि शेजारच्या चिंचेत जाऊन अडकलं. आईनं धाकट्या भावंडांना कणगीच्या आडोशाला बसवलं आणि वर घोंगडं धरलं. कणगी शेणामातीची. पावसानं ती हळूहळू सुटायला लागली आणि आतली ज्वारी चिखल होऊन बाहेर यायला लागली. आई घोंगडं सोडून दोन्ही हातांनी कणगी धरून बसली. ते चित्र अजून डोळ्यांपुढं आहे. जणू एखादं आजारी माणूस धरून बसावं तशी.

पाऊस राहिल्यावर बाहेर आलो तर गाव ओळखू येईना. ज्यांची पेवं होती, जमिनीत खोल खड्डा करून धान्य साठवलेलं होतं, त्यांच्या पेवात पाणी शिरलं होतं. पेव उघडलं की असा दर्प यायचा की माणसं तोंड फिरवायची. खळ्यावरच्या शेंगा ओढ्यानं नेल्या होत्या. येरळेला पूर होता, त्यामुळं तिकडचा रस्ता बंद. माझे वडील माधवनगरच्या गिरणीत कामाला होते. ते तिकडंच अडकले. लहान भावंडं भाकरी मागत होती आणि आई त्यांना भिजलेल्या शेंगा भाजून देत होती. पहिल्या दिवशी त्यांनी त्या आवडीनं खाल्ल्या. नंतर पोटं दुखायला लागली.

जिनाच्या शेडाचे पत्रे उडाले होते. एक भिंत बसली होती. खालची पोती फुटली आणि ज्वारी चिखलात पसरली. वादळाच्याच गोंधळात कुणीतरी मागच्या बाजूनं गाड्या लावून चांगली, तोंड शिवलेली पोती नेली. चाकोऱ्या सगळ्यांनी पाहिल्या. कुणाच्या गाड्या, ते गावात ज्याला त्याला ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. पुढच्या अंगाला मात्र हवालदार काठी घेऊन उभा होता. ओला कोट, आखडलेला पाय. तो तिथून हलला नाही. पोरं तारेखालून हात घालायची, तो काठी आपटायचा. "मागं हो रं. सरकारचं हाय." पोरं पळायची, परत यायची.

आणि चिखलातल्या ज्वारीला मोड यायला लागले.

मग एका सकाळी बायका गेल्या. आई होती, शेजारची ठकूकाकी होती, आणखीही होत्या. तारेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. आत कुणी पाऊल टाकलं नाही. ओरडा नाही, शिवीगाळ नाही. काखेत बुट्टी घेऊन, बांधावर बसतात तशा तारेच्या कडेला बसल्या.

हवालदार म्हणाला, "गजरावैनी, हितं का बसलाय? जावा घरला."

आई म्हणाली, "बसलोय आपलं. तुमाला काय म्हनतोय व्हय आमी?"

"साहेब येतील आज. पंचनामा झाल्याबिगर हात लावता येत न्हाई."

ठकूकाकी म्हणाली, "साहेब येस्तवर जोंधळा गुडघ्याएवढा हुईल, हवालदार. मंग सायबालाच म्हना, कापनीला या."

हवालदारानं रस्त्याकडं पाहिलं. रस्त्यावर पाणी. कुणी येण्याचं चिन्ह नव्हतं. मग त्यानं त्या मोडांकडं पाहिलं. पांढरे, नखाएवढे. आई सांगायची की त्यानं कोटाची बटणं नीट लावली, काठी खाली टेकवली आणि म्हणाला, "पोत्याला हात लावायचा न्हाई. थप्पीकडं बघायचं न्हाई. खाली पडलंय त्येवढंच. जावा. सरवा सोडला."

एवढं बोलून त्यानं पाठ फिरवली आणि त्या वेचत होत्या तोवर तो तसाच, रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला. आईनं पुढं कधीतरी त्याला विचारलं होतं, पाठ का फिरवली म्हणून. तो म्हणाला होता, "वेचनाऱ्याकडं बघू नये. वाकलेलं मानूस बघितलं की त्येला आपलं वाकनं कळतंय."

आईनं आणलेली ज्वारी धुतली तरी दातांखाली कचकचत होती. त्या भाकरीला मातीची, थोडी गोडसर, मोडाची चव होती. मी ती खाल्ली. धाकटी बहीण दोन्ही हातांत भाकरी धरून, कुणी काढून घेईल म्हणून भिंतीकडं तोंड करून खात होती.

आता इथं आमच्या गावानं जी गोष्ट केली ती दुसऱ्या कुठल्या गावानं केली असती असं मला वाटत नाही. ऊन पडल्यावर बायकांनी ती ओली ज्वारी अंगणात वाळत घातली. घोंगड्यावर, वाकळेवर, पडक्या भिंतीवर. दारादारांपुढं पसरलेली ज्वारी आणि तिच्यावर चिमण्या. पूर ओसरल्यावर फौजदार आले तेव्हा त्यांना काही शोधावंच लागलं नाही. गाव चोरीच्या मालासकट उन्हात बसलं होतं. ज्यांनी पोती नेली ते कुठच्या कुठं गेले. ज्यांनी दाणे वेचले त्या दारातच होत्या, चिमण्या हाकत.

आमच्या अंगणातलं घोंगडं सगळ्यांत मोठं होतं. म्हणून आईचं नाव पहिलं लागलं. मामलेदार येऊन चौकशी करतील, मग या बायकांना तालुक्याला नेऊन आत घालतील, असं फौजदारांनी सांगितलं आणि त्या दिवसापासून गावात फक्त तीच एक चर्चा उरली.

पाटील पारावर बसून म्हणाले, "लूट म्हंजे लूट. आज सरकारचं लुटलं, उद्या माझं घर लुटतील. एकदा हाताला चटक लागली की न्हाई ऱ्हात." त्यांच्या बोलण्यात खोटेपणा नव्हता. ते घाबरले होते. किराण्याचे शेट म्हणाले, "गरीब आहेत, मान्य. पण काही शिस्त नको?" मागच्या बाजूच्या गाड्यांचा विषय निघताच ते पाणी प्यायला आत गेले. कुणी म्हणालं, भूक लागली तर देवसुद्धा चोरी माफ करतो. कुणी म्हणालं, देव करतो, फौजदार करत नाही. साताऱ्याहून येणाऱ्या पेपरात दोन ओळी आल्या, गावकऱ्यांनी सरकारी धान्य लुटलं म्हणून. आमच्या गावाचं नाव छापून आलेलं मी प्रथमच पाहत होतो. सांगलीला माझ्या खोलीवरच्या मित्रांनी ते वाचलं असेल, या विचारानं मी पेपर घडी घालून उलटा ठेवला. आणि त्यांतलाच एखादा आईच्या चटणीचा डबा आठवत असेल, हेही मनात येत होतं.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी आई चुलीपुढं बसली होती. छप्पर अजून नव्हतं. चुलीचा धूर सरळ आभाळात जात होता. मी म्हणालो, "आई, उद्या सरळ सांग. हवालदारानं सोडला म्हणून सांग. तू सुटशील."

"मी सुटंन. आन् त्यो?"

"त्यानं स्वतःच्या तोंडानं सोडला की नाही?"

"सोडला. म्हनून तर त्येचं नाव घ्यायचं न्हाई." तिनं भाकरी उलथली. "त्येच्या घरात खानारी तोंडं किती हायती, म्हाईत हाय? मी चार दिस आत बसून ईन. त्येची नोकरी गेली तर काय माघारी येतीया व्हय?"

"आणि तुला खरंच आत घातलं तर या लहानग्यांचं काय?"

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "कालिजात हेच शिकीवत्यात का रं? नाव सांगून सुटायचं?"

तिनं माझ्या ताटात भाकरी टाकली, तीच, कचकचणारी.

दुसऱ्या दिवशी जिनापुढं सगळं गाव जमलं. मामलेदार तरुण होते, शहरात वाढलेले, पण बोलायला सौम्य. चिखलानं त्यांचे बूट भरले होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. बायका एका बाजूला उभ्या, डोईवर पदर. हवालदार कुंपणापाशी काठी धरून. नोकरीवरच होता तो.

मामलेदारांनी आईला विचारलं, "बाई, तुम्ही गोदामातून धान्य घेतलंत?"

"घेतलं."

"म्हणजे लुटलंत."

"न्हाई सायेब. सरवा वेचला."

मामलेदारांनी तलाठ्याकडं पाहिलं. तलाठ्यानं खाली वाकून त्यांना सरव्याची रीत सांगितली. ते ऐकत राहिले. मध्येच त्यांनी एकदा बायकांकडं आणि एकदा त्या पडलेल्या भिंतीकडं पाहिलं. मग म्हणाले, "रीत समजली. पण मग एक सांगा. धनी सोडतो तेव्हाच सरवा होतो, नाही तर ती चोरीच. बरोबर?"

"बराबर."

"या धान्याचा धनी सरकार. सरकारनं तर सोडला नाही. मग सोडला कुणी?"

आईनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. ठकूकाकीनं तिच्याकडं पाहिलं. पाटील आपल्या पागोट्याचं टोक चाचपत होते.

"बाई, मी विचारतोय. कुणी सोडला?"

"आठवत न्हाई, सायेब."

फौजदार म्हणाले, "साहेब, कुणी सोडला नाही. बनवाबनवी आहे. घेऊ का गाडीत?"

आईनं पदर नीट केला. मला तिचा तो हात अजून दिसतो. गावाला निघताना करते तसा तिनं तो सरळ केला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "धाकटीला उन्हात सोडू नगंस."

तेवढ्यात काठीचा आवाज आला. हवालदार कुंपणापासून चालत येत होता, एक पाय ओढत. मामलेदारांपुढं येऊन त्यानं टाच जुळवायचा प्रयत्न केला, ती जुळली नाही, तरी सलाम मात्र कडक ठोकला.

"सरवा म्या सोडला, साब."

"तुम्ही? तुम्ही कोण सोडणारे? तुम्ही धनी आहात का?"

"न्हाई साब. राखनदार. धनी गावात नसंल तवा राखनदार सोडतो. ही बी रीतच हाय." आणि थोडं थांबून, "धनी लय लांब होता, साब. धान्याला मोड आलं हुतं."

आई पुटपुटली, "कशाला वो, हवालदार."

तो तिच्याकडं न वळता म्हणाला, "वैनी, तुमी वेचलं, तुमचं काम झालं. सोडल्यालं माझं हाय."

मामलेदारांनी पाटलांना विचारलं, "धनी नसेल तर राखणदार सोडतो, ही रीत इथं आहे?"

पाराच्या गप्पांत लूट म्हणजे लूट म्हणणारे पाटील. सगळं गाव त्यांच्या तोंडाकडं बघत होतं. त्यांनी घसा साफ केला. "हाय, सायेब," ते म्हणाले. "आमच्या बाच्या वक्तापास्नं हाय. राखनदाराचा शब्द धन्याला मोडता येत न्हाई."

बायकांना सोडून दिलं. ज्वारी अंगणातच राहू दिली. मामलेदारांनी जाताना मागच्या बाजूच्या चाकोऱ्या पाहायला माणूस पाठवला, पण तोवर बैलांच्या आणि माणसांच्या पायांनी त्या मोडून गेल्या होत्या. हवालदाराची नोकरी महिना संपायच्या आत गेली. त्यानं काठी जमा केली. कोट त्याचा स्वतःचा होता, तो राहिला.

त्यानंतरचं वर्ष त्या घरानं कसं काढलं ते मी जवळून पाहिलं नाही, मी सांगलीला होतो. रस्ता सुरू झाल्यावर वडील माधवनगरहून आले तेव्हा प्रथम त्याच्या घरी गेले आणि मग आमच्या, एवढं आईनं सांगितलं. गावानं त्याला आळीपाळीनं रानाची राखण दिली. पुढच्या कार्तिकात मी सुट्टीत आलो तेव्हा पाटलांच्या मळ्यात भुईमूग निघाला होता. गाड्या गेल्या. बायका बांधावर बसल्या. पाटील रानाकडं पाहत उभे राहिले, पण सोडला म्हणेनात. मग त्यांनी माणसाला हाक मारली, "अरं, हवालदाराला बलवा."

हवालदार कोट घालून आला. पाटील म्हणाले, "सोडा की. वाट बघायल्यात बाया."

"धनी तुमी हाय, पाटील. म्या कशाला?"

"तुमीच सोडा. आमच्या तोंडात ते शोभत न्हाई आता."

यापेक्षा जास्त पाटील कधी काही बोलले नाहीत. हवालदारानं बटणं लावली, "सरवा सोडला" म्हणाला आणि पाठ फिरवून उभा राहिला. पाटलांनी त्याला सूपभर शेंगा दिल्या. त्या दिवसापासून ज्याचं त्याचं रान निघालं की हवालदाराला बोलावणं जायचं. लोहाराला, सुताराला जसं पेंढीचं बलुतं, तसं त्याला सरव्याचं सूप. पूर्वी आमच्या गावात हे बलुतं नव्हतं. ते त्या वादळानं आणलं, आणि लूट म्हणणारे, न म्हणणारे सगळे ते मुकाट्यानं घालत राहिले. कुणी कुणाची माफी मागितल्याचं मी ऐकलं नाही. आमच्याकडं माफी तोंडानं मागत नाहीत, सुपानं मागतात.

मी बी.ए. झाल्यावर पेढे घेऊन त्याच्याकडं गेलो. पेढा हातात धरून तो म्हणाला, "बीए म्हंजे काय रं गड्या?"

"पंधरावी पास झालो, हवालदार."

"म्हंजे पीक निघालं तुझं."

"निघालं म्हणायचं."

"मंग आता सरवा सोड की बारक्या पोरास्नी. का समदं गाडीत घालून न्हेतोस?"

मला नोकरी दोन ठिकाणी मिळत होती. त्यांतली शाळेची मी घेतली. त्याच्या बोलण्यामुळं घेतली असं म्हणणं फार होईल. पण वर्गात उभं राहून शिकवताना, धडा संपल्यावर मागच्या बाकावरची पोरं काय वेचून नेतात ते मी पाहत बसायचो नाही. फळ्याकडं तोंड करून पुसत राहायचो.

आई गेली, वडील गेले, हवालदारही गेला. त्याची मुलं नोकऱ्यांमागं लांब गेली. भुईमूग गेला आणि सरवाही. तो शब्द मी कितीतरी वर्षांत ऐकलेला नव्हता.

आज दुपार कलली तरी दिलीप आला नाही. ढिगाभोवती दोन कुत्री फिरून गेली. मग बांधाकडं पाहिलं तर तीन बायका येऊन बसल्या होत्या. ऊसतोडीला आलेल्या असाव्यात. दोघी तरुण, एक म्हातारी. तरुणींपैकी एक उठून रानात पाय टाकणार तोच म्हातारीनं तिचा पदर धरून खाली बसवलं. काखेत प्लास्टिकची पाटी होती, पण बसणं तेच.

मी विचारलं, "काय पाहिजे, बाई?"

म्हातारी म्हणाली, "काय न्हाई, बाबा. बसलोय आपलं. धनी हाईत का?"

"बाजाराला गेलाय. येईल एवढ्यात."

"येऊ द्या की."

सूर्य उसामागं गेला. दिलीपचा पत्ता नाही. उकरलेल्या मातीत शेंगांची पांढरी टोकं दिसत होती. तरुण बाईच्या मांडीवरचं मूल किरकिरायला लागलं. तिनं म्हातारीकडं पाहिलं. म्हातारी रानाकडं पाहत नव्हती, माझ्याकडं पाहत होती.

"आवं," ती म्हणाली, "राखनदार तुमीच न्हवं?"

मी उठलो. गुडघे वाजले. सदऱ्याचं वरचं बटण उघडं होतं, ते का कोण जाणे मी लावलं. इतकी वर्षं वर्गात बोललो, सभेत बोललो, पण ते दोन शब्द मी स्वतःच्या तोंडानं कधी उच्चारले नव्हते.

"सरवा सोडला," मी म्हणालो.

आणि पाठ फिरवून रस्त्याकडं तोंड करून उभा राहिलो. मागं ओल्या मातीत खुरप्याचा आवाज सुरू झाला.